देवरावनं सायलेन्सर घरी बदलला

नवऱ्याचं नाव घ्याले मी लाजत नाही. तोंडावर 'तुमी' अन् माघारी 'देवराव', आमच्या घरी असंच चालते. त हा देवराव गाडी चालवण्यात पटाईत, दुरुस्तीत मात्र निरा ढ. घरातला बलब गेला त स्टुलावर मलेच चढा लागते. असा माणूस एक दिवशी सकाळी दारव्ह्यावरून नवा सायलेन्सर अन् त्याचे पाइप घेऊन आला अन् म्हणते, "मी घरीच बसवतो."

मी म्हटलं, "काहून? दारव्ह्याचे सारे मिस्त्री मेले काय?"

माह्याकडं न पाहता त्यानं पिकअपच्या चाकाले दगड लावले, जॅक लावला, पोतं अंथरलं अन् गाडीखाली शिरला. मले तवाच वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे.

देवराव आधी दारव्हा-यवतमाळ रोडवर दुसऱ्याची काळीपिवळी चालवे. सवारीची थैली गाडीत राह्यली त तिच्या गावी नेऊन देणारा माणूस. मंग स्वतःची पिकअप घेतली अन् गावचा कापूस दारव्ह्याले नेऊ लागला. काट्यावर वजनावरून भांडण झालं की लोक म्हणत, देवरावले पुसा, देवराव म्हणते म्हणजे तसंच असन. मले याचा भारी तोरा होता, खोटं कायले सांगू.

बोंडअळीनं अर्धा कापूस खाल्ला त्या सालची ही गोष्ट. जेवढा हाती लागला तेवढा लोक लेकरासारखा जपून नेत. कापूस गाडीत नुसता टाकून भागत नाही, पायानं तुडवून दाबा लागते. हे काम फकिराभाऊचं. वरून कापूस पडे अन् तो गाडीत गोल गोल फिरून तुडवे, अन् भरलेल्या गाडीवर बसून दारव्ह्यापर्यंत जाय. माणूस बिडीचा शौकीन. म्हणून नेमच होता, कापसावर चढाच्या आधी बिडीबंडल अन् काडीपेटी देवरावच्या हाती द्याची. उतरला की परत घ्याची.

त्या हंगामात आमच्या गाडीचा पाइप जोडावर गंजून फुटला होता. गाडी अशी बोंबले की दुसऱ्या गावात समजे, देवराव आला. मिस्त्रीकडं टाकली त खेप बुडते. म्हणून देवरावनं तेलाच्या डब्याचा पत्रा फुटक्या जाग्यावर गुंडाळला, पत्रा वाजू नये म्हणून वरून गोणपाट, अन् गोणपाटावर तार. म्हणे, हंगाम निघून जाऊ दे, मंग पाहू. वर लाकडी फळ्या, फळ्यांवर कापूस, अन् खाली हे असं. कापसाच्या गावात जन्मलेला माणूस, त्याले इतकं समजू नये?

त्या खेपेत कापूस धुरपताबाईचा होता. धुरपताबाई आमच्या शेजारची, एकटी बाई. साऱ्या सालचा कापूस तिनं एकाच गाडीत देल्ला. दारव्ह्याच्या अलीकडं गाडीतून धूर निघाला. फकिराभाऊनं वरून उडी मारली, पाय मोडता मोडता वाचला. लोक धावले, काठ्या-फावड्यानं जळता कापूस खाली ओढला. गाडी वाचली, कापूस मात्र गेला.

लोकाईले कारण शोधाले किती वेळ लागते? कापसावर बिडी पेणारा माणूस बसला होता, झालं. फकिराभाऊ म्हणे, "मी चढतानी बंडल देवरावजवळ देल्लं. त्याले पुसा." साऱ्याईनं देवरावकडं पाह्यलं. अन् देवराव म्हणे, "मले ध्यान नाही."

बस, एवढंच बोलला. पण देवराव बोलला ना, मंग दुसऱ्या कोणाले पुसाचं कामच नव्हतं. त्या दिवसापासून फकिराभाऊले कोणी आपल्या कापसावर चढू देल्लं नाही. तो बिचारा नुकसानाच्या बदल्यात धुरपताबाईच्या वावरात फुकट कामाले जाऊ लागला.

मलेही तवा हेच खरं वाटे. शंका आली ती आमच्या बुद्धविहारात. संध्याकाळच्या वंदनेले देवरावचा आवाज साऱ्याईत मोठा. आग लागल्यापासून मात्र पंचशीलाची चौथी ओळ आली, खोटं बोलणार नाही ही, की हा चूप. पाचवीपासून पुन्हा सुरू. मी बायाईच्या बाजूनं उभी राहो, पण नवऱ्याचा आवाज शंभर लोकाईत ओळखू येते. घरी पुसलं त म्हणे, घसा धरला. चौथ्या ओळीलेच धरते असा कसा घसा, बाप्पा? खाईन त्याले खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

त त्या दिवशी अंगणात मी पायरीवर तूर निवडत बसली होती. गंजलेल्या नटाईवर रॉकेल टाकून टाकून देवरावनं जुना पाइप सोडवला अन् ओढत उकिरड्याकडं नेऊ लागला. मी उठून आडवी झाली. पाइपावर तार तशीच होती, तारेत गोणपाटाचा काळा कोळसा अडकला होता, अन् पत्र्याले बोट जाईन एवढं भोक पडलं होतं, वरच्या अंगानं.

"हे काय हो?" मी म्हटलं.

देवराव तथीच दगडावर बसला अन् सारं बोलला. बंडल त्याच्याजवळच होतं. गाडीत स्टेअरिंगजवळच्या खणात ठेवलं होतं. आगीच्या दिवशीच त्यानं वाकून पाह्यलं, गोणपाट धुपत होतं. मिस्त्री हा पाइप पाहीन अन् गावभर सांगन, म्हणून हा सायलेन्सर घरी बदलून राह्यला होता.

माह्या डोक्यात अशी सणक गेली. म्हटलं, "फकिराभाऊचं गावभर झालं ते चालते तुमाले? लोक साप सोडून भुई धोपटून राह्यले, अन् साप आपल्या गाडीखाली."

"मले झोप नाही लागत, प्रभावती."

"मंग मले कायले सांगता? मी काय तुमची झोप चोरली?"

तो पुन्हा गाडीखाली गेला. पण नवा सायलेन्सर जड. एका हातानं वर धरा अन् दुसऱ्यानं नट कसा, हे एकट्याचं काम नव्हे. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "कोणाले तरी बोलाव."

मी गेली अन् मुद्दाम फकिराभाऊलेच बोलावलं.

आगीच्या दिवशी उडीत लचकलेला पाय ओढत तो आला. काही न पुसता देवरावच्या बाजूले उताणा झोपला अन् दोन्ही हातानं सायलेन्सर वर उचलून धरला. देवरावले पाहून फकिराले राग येईन असं मले वाटलं होतं, पण कुठलं काय. मी चाकाजवळ उकिडवी बसली. मले दोघाईचे पाय दिसत अन् बोलणं आयकू येई. थोडा वेळ नुसता पान्याचाच आवाज. मंग फकिराभाऊ बोलला.

"देवराव, एक पुसू? त्या दिवशी मी तुले बंडल देल्लं नाही काय रे? मले त देल्ल्यासारखं वाटते. पण तू खोटं बोलशील कायले? माह्याच डोक्यात बिघाड असन. माह्या बापाचं असंच झालतं. पहिले काडीपेटी कोठी ठेवली ते विसरे, मंग घर विसरला, मंग आमालेच विसरला. मी आता चुलीजवळ जात नाही. नातीलेही कडेवर घेत नाही. हातून काही झालं त?"

पान्याचा आवाज थांबला. मले वाटलं, आता बोलला नाही त हा माणूस जन्मात बोलत नाही.

"फकिरा," देवराव म्हणे, "बंडल माह्याजवळ होतं. तू देल्लं होतं. आग पाइपानं लागली."

फकिराभाऊ म्हणे, "म्हणजे मी विसरलो नाही?"

"नाही."

"बापासारखं नाही झालं मले?"

"नाही रे, बावा. तुले काही नाही झालं. मीच..." देवराव रडत होता.

फकिराभाऊनं सायलेन्सर हळूच पोत्यावर ठेवला अन् सरकत बाहेर आला. त्याचेही डोळे वाहत होते. उभा राह्यला, पाठीची माती झटकली अन् खाली वाकून म्हणे, "हे तू मले गाडीखाली झोपून सांगतलं. आता बाहेर निघ अन् उभं राहून सांग." अन् त्यानं कुंपणावरून धुरपताबाईले हाक मारली.

ती आली. देवराव बाहेर निघाला, तोंडावर काजळी, हात काळे. उभं राहून त्यानं सारं सांगतलं. पाइप, पत्रा, गोणपाट, बंडल, काहीच सोडलं नाही. आपण भरपाई करू, असंही म्हणाला.

धुरपताबाईनं ते सारं आयकून घेतलं. मले वाटलं, आता शिव्या देईन, अन् द्याव्या असंच वाटत होतं. पण ती हळूच बोलली.

"कापूस पुढच्या साली पिकन, देवराव. पण हा माणूस माह्या वावरात फुकट राबत होता. उन्हात त्यानं पाणी मांगलं अन् मी मडकं झाकून घेतलं. म्हटलं, जाय नाल्यावर. आपल्या बापदादाईले लोकाईनं जे केलं, ते मी आपल्याच माणसाले केलं, तुह्या एका शब्दावर. ते कसं भरून देशील?"