विलायतेला निघालेली चंपी

स्टाफरूममध्ये किस्से आपोआप साचत जातात. त्यात आठ मास्तरांपैकी एकच विलायतेला निघाला, की उरलेल्या सात जणांच्या पोटदुखीतून रोज एक नवा किस्सा निघतो! आमच्या पिंपळगाव राजाच्या शाळेत तेच झालं. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती.

सायन्सचे वानखडे सर वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडला निवडले गेले. अर्ज मीही केला होता. इंग्रजी शिकवत होतो मी, आणि इंग्लंडला निघाले हे! निवडीच्या यादीत त्यांच्या मागचं नाव माझं होतं, एवढंच समाधान. हेडमास्तरांनी पेढे वाटले. माझा घशाखाली उतरेना.

वानखडे सर एकटेच राहायचे. घरात चंपी नावाची तांबडी गावठी कुत्री, बस्स! ते सहज म्हणाले, "चंपीले बी संग नेतो."

ड्रिलचे तायडे सर पेढा हातात धरून तसेच उभे. "आमी अजून मुंबई पाह्यली नाही बे, अन् कुत्री लंडनले जाऊन राह्यली!"

* * *

चंपीच्या तब्येतीचा दाखला आणायला वानखडे सर आणि तायडे सर तिला घेऊन खामगावला गुरांच्या डॉक्टरकडे गेले. फॉर्मवर 'जात' असा रकाना. डॉक्टरांनी जन्मभर बैल तपासलेले. पेन हातात धरून ते विचारात पडले, "सर, इची जात काय लिहू?"

वानखडे सरांच्या आधी तायडे सरच बोलले, "लिहा, वऱ्हाडी!"

डॉक्टरांनी खरंच तसं लिहिलं, आणि वर सरकारी शिक्का मारला! परत येईपर्यंत तायडे सर धुसफुसत होते, "इतकी नोकरी झाली, पन मी वऱ्हाडी हाव म्हनून मले कोनी शिक्का मारून नाही देल्ला!"

* * *

जहाज फार हलतं, असं कुणीतरी सांगितलं. मग सरांनी सुताराकडून पेटी करून घेतली, ती शाळेमागच्या चिंचेला टांगली आणि चंपीला रोज आत बसवून झोके द्यायला लागले. चंपी दोन मिनिटांत घोरायला लागायची!

"मी बी पाह्यतो," म्हणत एकदा सर स्वतः शेजारी दोर बांधून बसले. दहा-बारा झोके झाले, खाली उतरले आणि झाडामागे जाऊन भडाभडा ओकले.

"कुत्रीलेच पाठवा ट्रेनिंगले!" तायडे सर म्हणाले. सगळे हसले. मी जरा जास्तच.

* * *

एका संध्याकाळी घरी आलो, तर आमची मंडळी लोकर घेऊन विणत बसलेली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, माझ्यासाठी कधी टाका घातला नव्हता. मी खूश!

"कोनासाठी?"

"चंपीसाठी. तिकडं लय थंडी असते म्हने."

"अन् मले?"

तिनं मान वर न करता विचारलं, "तुमी कुठं चालले?"

* * *

जहाज कंपनीला इंग्रजीतलं पत्र मीच लिहून दिलं होतं. त्याचं उत्तर आलं तेव्हा वानखडे सर अंगणात चंपीला आंघोळ घालत होते. हात साबणानं भरलेले.

"सर, तुमीच वाचा."

मी वाचलं. कुत्रीला जहाजात घेऊ. तिकडे उतरल्यावर मात्र सहा महिने सरकारी देखरेखीखाली वेगळं ठेवावं लागेल. पुढे आणखी एक ओळ होती: मालकाला तिथे जाऊन भेटता येईल.

ती ओळ मी वाचली नाही. पत्राची घडी केली आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवली.

"सहा महिने? एकटीले?"

"हो."

बादली रिकामी होईपर्यंत ते तिच्या पाठीवर पाणी ओतत राहिले. चार दिवसांनी त्यांनी हेडमास्तरांकडे नकार लिहून दिला, आणि महिन्याभरात माझे कागद आले.

निघायच्या दिवशी मोटारीपाशी सगळी शाळा जमली. तायडे सरांनी एरंडेल प्यायल्यासारख्या तोंडानं मला हार घातला. वानखडे सरांनी फडक्यात बांधलेल्या भाकरी अन् ठेचा दिला. चंपी त्यांच्या पायाशी बसली होती.

गाडी सुरू झाली तसे ते खिडकीशी आले.

"सर, एखाद्या रविवारी तिकडं कुत्रे ठेवतात त्या जागी जाऊन या बरं. मालकाले भेटू देतात म्हने."