दर्याच्या दीपमाळेला पाच किलो तेल

समुद्रकाठच्या एका ऐतिहासिक दीपगृहाच्या जिन्यावर करडईचे पाच किलो तेल सांडण्याचा मान संपूर्ण मराठवाड्यात, माझ्या माहितीप्रमाणे, केवळ माझ्याकडे आहे.

कंधारच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत. (दहावी मला घेईना आणि मी दहावीला सोडीना, असा वाद काही वर्षे चालला, अखेर मी मोठ्या मनाने माघार घेतली.) तथापि भाषेचे म्हणाल, तर माझा अर्ज वाचताना पदवीधर कारकुनांनाही चष्मा पुसावा लागतो. ही भाषा मी घरातही सोडत नाही. सर्व अनर्थाचे मूळ तेथेच आहे.

आमची कन्या प्रतीक्षा डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला क्लासला होती. त्या काळी लातुरात दर दुसऱ्या घरावर क्लासची पाटी आणि उरलेल्या घरांत मुलींचे वसतिगृह, असा देखावा होता. पोरगी दोन वर्षे डोके वर न काढता शिकली. तिने मागितले एवढेच, "पप्पा, परीक्षा झाली की मला समुद्र दाखवा." माझा मेहुणा कोकणात शाळामास्तर आहे. (मराठवाड्यात शिकायचे आणि कोकणात शिकवायचे, ही आमच्याकडची रीतच आहे.) त्याच्या गावाजवळ इंग्रजांच्या वेळचे एक दीपगृह होते. परीक्षा आटोपली, तेव्हा ओसरीवर बसून मी सर्वांना माहिती दिली, "दीपगृह म्हणजे दर्याची दीपमाळच समजा. भरकटलेली जहाजे तिच्या प्रकाशाने मार्गी लागतात."

ओसरीच्या बाहेर, अंगणात, बाजेवर माझ्या सासूबाई बसलेल्या होत्या. त्या निलंग्याकडच्या. भूकंपाने त्यांचे दगडमातीचे घर एका रात्रीत खाली बसवले. माणसे वाचली, परंतु तेव्हापासून त्यांनी दगडी बांधकामाखाली पाऊल ठेवलेले नव्हते. स्वतः पत्र्याच्या शेडात राहत. देवळात गेल्या तरी पायरीवरूनच सांगत, "देवा, मी आत येत न्हाई, तूच भाईर बघ."

माझे वाक्य ऐकून त्या म्हणाल्या, "जावाईबापू, जहाजं मार्गी लागतेत म्हनता?"

"निःसंशय."

"मग एक पोरगी लागायची न्हाई व्हय? माझी नात डाक्टर होऊ दे, दर्याच्या दीपमाळंला पाच किलो तेल घालीन! निकालाच्या आत घालीन!"

प्रतीक्षा म्हणाली, "आज्जी, तिथं तेल लागत नाही. बल्ब असतो."

"बलब वल्ल्या वाऱ्यात टिकतोय व्हय गं? तू पुस्तकातलं सांगू नको. तुझ्या बापानं सांगितलंय दीपमाळ म्हनून."

आता मी म्हणावयास हवे होते की, ती केवळ उपमा होती. पण जावयाने दिलेला शब्द सासूसमोर मागे घेणे हे आमच्या खानदानात झालेले नाही. मी छाती काढून म्हणालो, "शासकीय बाबी माझ्यावर सोपवा."

पत्नीने कपाळाला हात लावला. "सोपवलं म्हनजे झालंच कल्याण!"

याप्रमाणे घाण्यावरच्या करडईच्या तेलाचा पत्र्याचा डबा, तोंडाला फडके बांधून, आमच्यासोबत एसटीने निघाला. घाटातल्या प्रत्येक वळणावर डबा माझ्या मांडीवर ओकला. मेहुण्याच्या घरी पोहोचलो, तेव्हा शेजारीण विचारती झाली, "भजी तळताय वाटतं?" ती माझी पँट होती!

दुसऱ्या दिवशी दीपगृहाकडे निघालो आणि सासूबाईंनी दुसरा बॉम्ब टाकला. "तेल पडून दिवा लागल्याबिगर मी अन्नाला शिवनार न्हाई." सकाळचा चहासुद्धा त्यांनी परत केला.

पत्नी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आईला उपाशीपोटी चक्कर येते, ठाऊक हाय ना? आईला काई झालं, तर तुमचा एकबी अर्ज मी मंजूर करनार न्हाई."

दीपगृह पाहिले आणि मी थबकलो. एका खडकावर काळ्या दगडाचा उंच, गोल मनोरा आणि त्याच्या टोकाला काचेची खोली. सासूबाई फाटकापाशीच उभ्या राहिल्या. "अगं बया, समदाच दगुड! मी हितंच बसते. जावाईबापू, तुमी वर जाऊन घाला. मी खालून बघते." आणि त्या एका बदामाच्या झाडाखाली, समोर धपाट्यांची बांधलेली शिदोरी ठेवून, मनोऱ्याकडे डोळे लावून बसल्या. पत्नी त्यांच्याशेजारी बसली.

दारात एक खाकी शर्टातले रखवालदार तिकिटे फाडीत होते. त्यांनी माझ्या कापडी पिशवीकडे बोट केले. "पिशवीत काय ओ?"

"कागदपत्रे," मी म्हणालो. (अर्जनविसाच्या पिशवीत दुसरे काय असणार?)

आम्ही बापलेक चढू लागलो. जिना अरुंद, गोल, दगडी, आणि शतकभराच्या पावलांनी आधीच गुळगुळीत झालेला. अर्ध्यावर प्रतीक्षा मागून हळूच म्हणाली, "पप्पा, तुमची कागदपत्रं गळायलीत."

वळून पाहिले. फडके सुटले होते आणि प्रत्येक पायरीवर एक एक सोनेरी थारोळे चमकत होते. मी म्हणालो, "पुढे बघ. शासकीय इमारतीत मागे वळून पाहू नये."

वर काचेच्या खोलीत पोहोचलो. मध्यभागी माणसाएवढे एक भिंग, त्याला कठडा, कठड्याला कुलूप. तेल घालावयास वाट नाही, वात नाही, पणती नाही! आत एक बल्ब होता. प्रतीक्षाने माझ्याकडे पाहिले. मी समुद्राकडे पाहिले.

तोच खालून आरोळी आली, "जावाईबापूऽऽ! घातलं का तेऽऽल?"

सज्जात उभे असलेले सगळे पर्यटक माझ्याकडे वळले. मी मान बाहेर काढून ओरडलो, "प्रकरण विचाराधीन आहेऽऽ!"

इतक्यात जिन्यात पहिला धप्पकन आवाज झाला. उतरू लागलेले एक वजनदार गृहस्थ थारोळ्यावर बसले होते, आणि बसल्याबसल्याच पुढच्या वळणापर्यंत गेले होते. त्यांच्यामागे त्यांची पत्नी, "अहो, थांबा की!" असे म्हणत, न थांबता गेली. मग एक मावशी. मग एक छत्री, मालकाशिवाय. रखवालदारांची शिट्टी वाजू लागली. "कोणी तेल सांडलंन? कोणाचं हे काम?"

अशा प्रसंगी शांतपणे खाली जाऊन आपली बाजू लेखी मांडावी, हा माझा आयुष्यभराचा सल्ला आहे. सबब मी निघालो. दुसऱ्याच पायरीवर माझे दोन्ही पाय माझ्या आधी खाली गेले.

पुढचे मला तपशीलवार सांगता येत नाही. मनोरा माझ्याभोवती फिरत होता, की मी मनोऱ्यात, याचा निवाडा अद्याप झालेला नाही. डबा हातातून सुटला. पत्र्याचा रिकामा होत चाललेला डबा दगडी मनोऱ्यात पायरी-पायरीने आदळत जातो, तेव्हा कसा आवाज होतो, ते ऐकलेल्यासच कळेल. गड्गड् गड्गड् धडाम! सगळी इमारत घुमली.

बाहेरून सासूबाईंची किंकाळी आली. "भूकंऽऽप! पोरी, भाईर ये! भाईर ये गं!"

आणि ती म्हातारी, जी देवाच्या गाभाऱ्यातसुद्धा शिरली नव्हती, लुगड्याचा काष्टा खोचून धावत मनोऱ्यात घुसली. तळाशी मी बसलो होतो, तेलाने न्हालेला, डोक्याशेजारी डबा. मी हात पुढे केला. "सासूबाई..." त्यांनी मला उंबऱ्यासारखे ओलांडले आणि भिंतीला धरून चार पायऱ्या चढल्या. कठड्याला धरून सावकाश उतरत असलेल्या प्रतीक्षाची वेणी त्यांच्या हाती लागली. वेणी धरूनच त्यांनी तिला खाली ओढले.

"आज्जी, आज्जी! भूकंप नाही! पप्पा पडलेत!"

"त्येंच्या पडन्याचाच आवाज व्हय?" म्हणून त्या थांबल्या. मग त्यांनी वर पाहिले. चहूबाजूंनी दगड, डोक्यावर दगड. हात अजून नातीच्या वेणीवर होता. "म्हंजी... मी आत आले?"

"आलात, आज्जी."

त्यांनी वेणी सोडली. मग भिंतीवर हात ठेवून तो दगड, बैलाच्या पाठीवर थोपटावे तसा, दोनदा थोपटला. "पक्कं हाय बांधकाम. जावयाच्या परीस पक्कं." नंतर माझ्याकडे वळल्या, "घातलं तेल?"

"सगळं!" मी म्हणालो.

एवढ्यात रखवालदार आले. मी उठून, एका हाताने भिंत धरून, प्रारंभ केला, "मेहेरबान साहेबांच्या सेवेशी सविनय सादर करतो की..."

"अर्ज नको," ते म्हणाले, "फडका घ्या!"

मग मी समुद्रावरची कोरडी वाळू बादलीने आणून पायऱ्यांवर पसरली, फडक्याने घासली, आणि वरपासून खालपर्यंत तो ऐतिहासिक जिना पुसला. पत्नी दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "घरात कधी सोताचं ताट उचललं न्हाई, आन् हितं सरकारी जिना पुसायलेत बघा!"

सासूबाई मात्र अजून उपाशी. उन्हे उतरली, त्यांचा चेहराही उतरला. पत्नीने धपाटा पुढे केला, प्रतीक्षाने विनवण्या केल्या. त्यांचे एकच, "दिवा कुठं लागलाय?"

शेवटची पायरी पुसून मी कमरेवर हात ठेवून कसाबसा बाहेर आलो. सूर्य पाण्यात गेला होता. मी सासूबाईंसमोर उभा राहिलो आणि आयुष्यात प्रथमच उपमा न वापरता सांगायचे ठरवले. "सासूबाई, खरी गोष्ट अशी की, ती दीपमाळ..."

तोच वर लख्ख उजेड झाला. काचेच्या खोलीतून प्रकाशाचा पट्टा निघाला, समुद्रावरून फिरला आणि आमच्या डोक्यावरून पुढे गेला. (रखवालदारांनी रोजच्याप्रमाणे बटण दाबले होते.)

"पेटली!" सासूबाई दोन्ही हात जोडून उठल्या. "पेटली गं बाई! जावाईबापूंनी पेटवली! केवढं घासलं म्हनून लागली!"

प्रतीक्षाने तोंड उघडले. पत्नीने तिच्या तोंडात धपाटा घातला. दुसरा सासूबाईंनी खाल्ला, तिसराही खाल्ला. मला चौथा मिळाला. तेलाची गरज नव्हती, बोटांनाच होते.

निकाल लागला. प्रतीक्षाला गुरांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली. सासूबाई म्हणाल्या, "मी डाक्टर म्हनलं होतं, कुनाची ते म्हनलं न्हवतं. दीपमाळंची काई चूक न्हाई." आणि ही वार्ता त्यांनी निलंग्यापासून कंधारपर्यंत पोहोचवली.

तेव्हापासून निकालाच्या दिवसांत माझ्या कडुनिंबाखाली लातूरला पोरे ठेवलेले आईबाप येतात. अर्ज कोणी लिहून घेत नाही. हातात तेलाचा डबा असतो. "साहेब, कोकणात जाल तवा आमच्या पोराचंबी घाला." मी डबे परत करतो. हात जोडून सांगतो की, अहो, तो दिवा बटणावर लागतो, मी काहीही केलेले नाही, मी फक्त जिन्यावरून पडलो. ते एकमेकांकडे बघतात आणि आदराने म्हणतात, "बघा, एवढं करून माणूस किती नम्र हाय!"

नम्र! इतक्या वर्षांत हा आरोप माझ्यावर कोणीही, पत्नीनेसुद्धा, केलेला नव्हता. तेव्हा खुलासा करण्याचे मी आता थांबवले आहे.