दुरून काढलेली पाठवणी

"बाई, तलवार नोका पाहू. कपडा पाहा." असं म्हणून फोटोवाले भाऊ कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवायचे.

अहेरीत आमच्या ऑफिससमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. जेवणाच्या सुट्टीत डोकावलं की बहुधा तोच एक जुना चिनी सिनेमा चालू असायचा, राजेरजवाड्यांच्या काळातला, तलवारबाजीचा. आवाज बंद.

कोण जिंकतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. दोघीजणी उंच पांढऱ्या गवतात लढायच्या आणि कॅमेरा दूर टेकडीवर उभा असायचा. वारा आला की आधी गवत वाकायचं, मग बाह्या फडफडायच्या, तलवार सगळ्यात शेवटी चमकायची. तिथेच ते सिनेमा थांबवायचे. या वाऱ्यासाठी त्या लोकांनी किती दिवस वाट पाहिली असेल, म्हणायचे. आपल्या मांडवात वारा शिरला की लोक आधी कनात बांधायला धावतात, ही त्यांची खंत. असा फोटोवाला तुम्हीही पाहिला असेल, लग्नाचे व्हिडिओ काढून पोट भरणारा आणि मन भलतीकडेच असलेला.

माझ्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ त्यांनीच काढला. हळद, वरात, जेवणावळी, सगळं नेहमीसारखं. पाठवणी मात्र धानाच्या कापलेल्या बांध्यांपलीकडून, लांबून. गाडी काड्यापेटीएवढी, मुलगी म्हणजे पिवळा ठिपका. घरी पाहताना गाडी वळणाआड गेली तसा मी व्हिडिओ बंद केला आणि तडक स्टुडिओत गेले. गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "भाऊ, माझ्या मुलीचं तोंडच नाही यात."

ते हळूच म्हणाले, "जवळून सगळेच रडून राह्यले दिसते, बाई. जानारं मानूस दुरूनच दिसते."

त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही. रस्त्यात दिसले तरी मान वळवायची.

मुलगी आता फार लांब असते. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिच्या आठवणीने राहवेना, म्हणून मी ती पाठवणी लावली. गाडी वळणाआड गेली, पण या वेळी मी बंद केलं नाही. रिकाम्या रस्त्यावर एक बाई धावत आली. वळणाशी थांबली. दोन्ही हात सोडून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली.

ती मी होते. आपण धावलो होतो, हे मला आठवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेले तर स्टुडिओ बंद. ते हिवाळ्यातच गेल्याचं शेजारच्या दुकानात कळलं. घरी त्यांच्या बायकोने चहा ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग, जराही राग न धरता, म्हणाली,

"तुमी बोलल्यावर त्यायनं कोनाचीच बिदाई दुरून नाई काढली."