माक्सेनने भरलेली हवा

"नेस्ट, सस्पेन्शन कितीदा उघडायचं गं?" हा प्रश्न मला विचारला नाही असा सायकलवाला आमच्या गावात नसेल. आणि उत्तर ऐकून तसं वागणाराही नसेल. पन्नास तास चालवली की पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे खालचे पाय काढायचे, तेल बदलायचं, रबरी सील पुसायचे. वर्षातून एकदा सगळं खोलायचं. झालं! पण नाही. इथे वरून पाऊस, खालून खाणीतल्या पाटीच्या दगडाची भुकटी. मेले घरी जाऊन पाण्याचा जोरदार फवारा मारतात, सायकल चकचकीत करतात आणि सगळी भुकटी सीलच्या आत ढकलतात. मग फोर्क घासायला लागला की माझ्या दुकानाच्या दारात तोंड पाडून उभे.

माझ्या बाजूने बोलणारा एकच होता, इद्वल. उतारावर सायकली पळवणाऱ्यांना जुन्या खाणीच्या माथ्यावर पोचवणारी व्हॅन तोच चालवतो. स्वतः जन्मात सायकलवर बसला नाही. पण ट्रेलरवर चढवताना प्रत्येक फोर्क दाबून बघायचा आणि भल्याभल्यांना झापायचा, "हे काय खाणीतलं डबडं आहे का रे? नेस्टकडे टाक आधी, मग ये." चॅपलच्या गायकांत खर्जात गाणारा माणूस तो. त्याने झापलं की पार शेवटच्या रांगेतल्याला ऐकू जायचं.

त्याचा एकुलता एक मुलगा माक्सेन तापाने गेला. आजारी पडायच्या आदल्या दिवशी त्याने शेडमध्ये आपल्या सायकलच्या फोर्कमध्ये हवा भरली होती. या फोर्कांत लोखंडी स्प्रिंग नसते, दाबून भरलेली हवाच धक्के झेलते. हँडल धरून इद्वल समोर उभा होता. "बाबा, हलू नका ना जरा!" म्हणून पोरगा त्याच्यावर खेकसलाही होता. त्यानंतर त्या सायकलवर कुणी बसलं नाही.

वर्ष उलटल्यावर मी इद्वलला म्हटलं, "नुसती उभी असली तरी ती उघडायला हवी. तेल खाली बसतं, सील वाळतात."

"उघडायची म्हणजे आधी काय करतेस?"

"हवा सोडते."

"मग नको," तो म्हणाला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला. मी पुढे काय बोलणार, कप्पाळ! हवा सोडल्याशिवाय फोर्क उघडायची दुसरी वाटच नाही.

यंदा ऑक्टोबरात एका दुपारी तो तीच सायकल घेऊन दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बाहेर व्हॅनमध्ये त्याची बायको कैनवेन बसली होती. महिन्याभरापूर्वी ओल्या पायरीवरून घसरून तिने उजवा हात मोडून घेतला होता, अजून प्लास्टरमध्येच होता.

"नेस्ट, हवा चाललीय गं," इद्वल म्हणाला. "काहीतरी कर. वरून कर, बाहेरून कर, पण न उघडता थांबव. तुझ्या पाया पडतो."

"चाललीय हे कशावरून?"

"बघतो ना मी! दर रविवारी चॅपलहून आलो की पंप लावून त्यावरचा दाबाचा काटा बघतो. दोन वर्षं जागचा हलला नाही. आणि आता महिनाभर नुसता उतरतोय. म्हणून रोज बघायला लागलो. आज सकाळपासून तर तीनदा बघितलं."

"रोज?"

"मग काय नुसता बसून राहू?"

त्याने कोटाच्या खिशातून पंप काढला, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि नळी त्यावर फिरवली. फुस्स झालं. काटा वर आला आणि थांबला. "बघ! सकाळपेक्षाही कमी!" म्हणत त्याने नळी फिरवून काढली.

आणि माझी जीभ! विचार करायच्या आधी सुटते. "अहो, इद्वल, तुम्हीच काढताय की ती! नळी रिकामी असते. लावली की फोर्कातली हवा आधी नळीत शिरते. काढली की नळीतली उडून जाते. प्रत्येक वेळी बघताना तुम्ही तिच्यातली घोटभर काढून टाकताय!"

त्याच्या हातातून पंप गळून फरशीवर पडला. मला वाटलं, आपलं तोंड शिवून टाकावं.

"मी?" तो म्हणाला. "मीच घालवली?"

माझा चढलेला आवाज ऐकून कैनवेन आत आली होती आणि दारातच थांबली होती. इद्वलचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो स्वतःशीच हिशेब मांडत होता.

"पण दर रविवारी बघायचो मी. तेव्हा का नाही उतरली? दोन वर्षांत तर सगळी संपायला हवी होती. नेस्ट, तुझं काहीतरी चुकतंय. सांग ना, चुकतंय म्हणून!"

माझं चुकत नव्हतं. मी कैनवेनकडे बघितलं आणि मग त्यानेही बघितलं. आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या प्लास्टरमधल्या हाताकडे.

"तू?" त्याने विचारलं.

"शनिवारी," ती म्हणाली. "केक भट्टीत टाकून शेडमध्ये जायचे. सुरुवातीला एकदा काटा जरासा उतरला होता, आठवतं? तीन दिवस जेवला नव्हतास तू. मग मी पंप मारून पुन्हा होता तिथे आणला. थंडीने उतरला असेल, असं तूच म्हणालास. मी काय करू मग, इद्वल? हात मोडला नसता तर तुला कळलंही नसतं."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी."

"म्हणजे आत तुझीच हवा आहे. पंपाची." त्याने कपाळ फोर्कवर टेकलं. खर्जातला तो आवाज पार फाटला होता. "मग सोड, नेस्ट. उघड एकदाचा. ठेवायचं तरी काय आता?"

मी व्हॉल्व्हची पिन दाबायला हत्यार घेतलं. तेवढ्यात कैनवेन पुढे आली आणि तिने प्लास्टरचा हात त्या व्हॉल्व्हवर झाकण ठेवावं तसा दाबून ठेवला.

"नको!" ती किंचाळली. "सगळी थोडीच गेली असेल? मी वरून भरत गेले, पण आतली थोडी राहतच असेल ना गं? नेस्ट, खरं सांग. जराशी तरी असेल ना त्याची?"

"असेल," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. मिसळलेली हवा पूर्ण बाहेर जात नाही. किती उरली असेल हे मात्र तिने विचारलं नाही, आणि यावेळी मी तोंड आवरलं.

मग इद्वलने खाली पडलेला पंप उचलला आणि माझ्या हातात दिला.

"हा तू ठेव. आणि आम्ही हात लावला नाही, बघितलंही नाही, तर किती टिकेल?"

मी सीलवरून बोट फिरवलं. वाळून चिरा गेल्या होत्या. "हा हिवाळा काढेल. फार तर."

त्याने मान डोलावली आणि टोपण स्वतःच्या हाताने घट्ट बसवलं.

"हिवाळा म्हणजे पुष्कळ झाला गं," तो म्हणाला. "त्याच्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला संध्याकाळपर्यंतचीच मुदत दिली होती."