बंडीवरून न उतरणारा माणूस

मला एका जागी बसवत नाही. लोक म्हणतात, बाईच्या पायाला भिंगरी आहे. असेना का. पण आमगावच्या बाजूला गावोगाव माणसांचे पाय तपासत हिंडले, तेव्हापासून हे फार वाढलं, एवढं खरं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी नागपुरात मज्जारोगांवर काम करत होते. धानाच्या त्या पट्ट्यात चांगली धडधाकट तरुण माणसं कमरेखाली ताठरत होती. आधी टाच उचलली जायची, मग चवड्यांवर चालणं, मग एक काठी, मग दोन, आणि शेवटी जमिनीवर बसून सरकणं. कारण आम्हाला बऱ्यापैकी ठाऊक होतं. लाखोरीची डाळ. उभ्या धानात तिचं बी फेकलं की फारशी मेहनत न घेता पीक येतं. मालक मजुरी तिच्यातच द्यायचे आणि मजूर महिनोन्महिने तिचीच भाकर, तिचंच वरण खायचे. गेलेले पाय परत येत नाहीत, पण वेळेवर डाळ सोडली तर आहेत तेवढे टिकतात. म्हणून माझी घाई.

ज्या गावात एक जरी रोगी नोंदला जाईल, त्या गावच्या मजुरांना येत्या पावसाळ्यात लाखोरीऐवजी सरकारी ज्वारी मिळणार होती. प्रत्येक गावच्या यादीवर तिथल्या मोठ्या माणसाची सही लागायची.

एका मालकाने मला बंडी, म्हणजे तिकडची बैलगाडी, दिली होती आणि सोबत बंडीवाला. तिशीचा, गप्प माणूस. सकाळी मी यायच्या आत हा वर बसलेला. मी गावात जाऊन दोन-तीन तासांनी परतले तरी तिथेच, बैलही जुंपलेलेच. माझी औषधांची पेटी उतरवायलाही हलायचा नाही. माझं डोकं फिरायचं.

"उतरायला काय होतं रे तुला? मुहूर्त काढून देऊ का?"

"बैल बुजरे हायेत बाई. सोडून कसा उतरू?"

असे दोन महिने गेले. शेवटच्या दिवशी नाल्याच्या चिखलात बंडी रुतली. मी उतर म्हणून ओरडले, तो उतरेना. मग मीच रागारागाने पदर खोचून चाकाला खांदा लावला आणि त्याला लाटसाहेब म्हणाले. चाक आणखी खाली गेलं. तेव्हा तो उतरला. त्याने चाक रेटलं, बंडी निघाली, आणि तो बैलांकडे चालत गेला.

चिखलात माझ्या पावलांशेजारी त्याची पावलं होती. माझ्या पावलांना टाच होती. त्याच्या पावलांना नुसती बोटं, आणि मध्ये फरफटल्याच्या रेघा. गावोगाव परक्या माणसांना 'चालून दाखव' म्हणत फिरणारी मी, याला एकदाही म्हटलं नव्हतं. मला माझी शरम वाटली आणि शरमेपेक्षा जास्त राग आला.

"कधीपासून?"

"मागच्या पावसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कायले सांगू? मालकाले कळलं त बंडी जाते. माह्यं नाव नोका लिहू बाई."

"आजपासून लाखोरी सोड."

"मालक तेच देऊन राहिला. सोडू, अन् खाऊ काय?"

मी बंडीत चढले.

त्याचं गाव माझ्या यादीत शेवटचं होतं. संध्याकाळी आमगावहून गाडी पकडायची होती, घरी जायची ओढ लागली होती. बंडी देणाऱ्या त्याच मालकाने चहा-पोहे पुढे केले आणि म्हणाला, "आमच्या गावात लंगडा कोणी नाही." मागच्या मजूरवस्तीत जायचं मी टाळलं. बंडीवाल्याचं नावही लिहिलं नाही. त्याचं पोट राखलं, असं मनाला समजावलं. रोगी शून्य. खाली मालकाने सही केली. आयुष्यात मी पुष्कळांना बोल लावले, पण ते शून्य माझ्या हातचं आहे.

पुढच्या दिवाळीला पुन्हा गेले. स्टेशनवर बंडी घेऊन दुसराच माणूस आला होता. या वेळी मी आधी मजूरवस्ती गाठली. तिथे काठी धरलेले आणखी तिघे निघाले. आजूबाजूच्या गावांना ज्वारी मिळाली होती. या गावाला मिळाली नव्हती.

माझा बंडीवाला आपल्या दारापुढे बसला होता. शेजारी दोन काठ्या. त्याने काठ्या बाजूला सारून माझ्यासाठी जागा केली.

"बसा बाई. तुमी नाव नाही लिवलं, म्हणून सहा महिने बंडी माह्यापाशी राहिली. तुमचे उपकार हायेत."

मला बसवलं नाही.