रावेरचे जावई सुट्टीवर आले तेव्हा

सकाळच्या एसटीने धुळे सोडलं, जळगावला रेल्वे धरली. भुसावळ मागे पडलं आणि दोन्ही अंगांनी केळीचे मळे सुरू झाले. पलीकडे निळसर सातपुडा. समोरच्या बाईंनी विचारलं, "लेकीकडे का?" मी हो म्हटलं. सुजाता खरं तर आमच्या शेजाऱ्यांची लेक. पण माझेही यजमान फौजेत होते, म्हणून मनातलं सांगायला ती मलाच फोन करते. दीड वर्षांनी तिचा नवरा सीमेवरून सुट्टीवर आला होता, तरी परवा ती फोनवर रडली.

रावेरला उतरताना माझी चप्पल रुळांवर पडली. गाडी गेल्यावर, मला घ्यायला आलेल्या सुजाताने ती काढून आणली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"अक्का, बठ्ठं (सगळं) मी सांभाळं. आते (आता) त्या (हे) म्हनतस, तू बैस."

केळीचं पाणी, सासऱ्यांची औषधं, मजूर, सगळं तिने एकटीने निभावलं होतं. तिच्या नवऱ्याने, अनिलरावांनी, आल्यापासून आठवड्यात पाण्याच्या वेळा बदलल्या, मजूर बदलले, मिठाच्या डब्याची जागासुद्धा.

दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) होती. जेवताना मी आमची गोष्ट काढली. "आमचे हे पहिल्यांदा सीमेवरून आले, तेव्हा मी त्यांना कशाला हात लावू दिला नाही. म्हटलं, दमलेत. ते रोज ओट्यावर बसून बूट पुसायचे. एकदा म्हणाले, 'मी पाहुणा आहे का गं?' मी हसण्यावारी नेलं. सुट्टीचे आठ दिवस बाकी असताना ते ड्यूटीवर निघून गेले."

त्यांना देवाघरी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते आठ दिवस मला अजून हवे आहेत.

अनिलरावांचा घास हातातच राहिला. "मला वाटलं, हिला विसावा द्यावा."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणाले.

"मला विचारायचं तरी," सुजाता ताटात बघत म्हणाली.

तेवढ्यात दाराशी केळीचा ट्रक थांबला. मुकादमाने सवयीने विचारलं, "वहिनी, कापणी कुठून धरू?" मग अनिलरावांना बघून तो चपापला.

अनिलराव हात धुवत म्हणाले, "वहिनींनाच विचार."

सुजाता पदर खोचून उठली. "विहिरीकडून धरा. आणि तुम्ही पण चला, घड उचलायला माणूस कमी आहे."

ते हसले आणि तिच्या मागोमाग निघाले.

संध्याकाळी दोघं मला स्टेशनवर सोडायला आले. अनिलराव पाण्याची बाटली आणायला गेले तेव्हा सुजाताने हळूच विचारलं, "अक्का, त्या परत गयात (गेले) म्हंजे?"

"मी येईन," म्हटलं.

गाडीत मांडीवर केळ्यांची फणी घेऊन मी मनाशी दिवस ठरवला. निरोपाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असतं. मी त्यानंतरच्या आठवड्यात जाणार आहे.