दादांचा सूर काळी एक होता

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. आदल्या रविवारीच बदलापूरला तिच्या हातचा चहा पिऊन आलो होतो. त्यामुळे फोन करणाऱ्या शेजाऱ्यांना मी दोनदा विचारलं, कोण गेलं म्हणून. माझी एकुलती एक बहीण, सेहेचाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेली. त्याचं दुःख आहेच. पण सहा आठवड्यांनी लिहायला बसलोय तो रागाने. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात कोणीतरी चांगल्या मनाने आमच्या वडिलांच्या गाण्यांची सीडी लावली आणि मी उठून ती बंद केली. लोकांना वाटलं, भावाला भरून आलं... तसं काही नव्हतं. जिच्यापायी ताई शेवटची चार वर्षं भांडली, तीच सीडी तिच्या फोटोसमोर वाजत होती.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टी. त्यांच्या भीमगीतांची एकच रेकॉर्ड निघाली, दोन बाजूंना दोन गाणी. वर्षभरात ते वारले. मी तेव्हा चार वर्षांचा, ताई सोळाची. तिने दादांना समोर बसून ऐकलं होतं. मला त्यांचा आवाज म्हणजे ती रेकॉर्डच. पुढे ताई त्याच एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागली आणि ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास तिने पगारातून रेकॉर्ड प्लेअर घेतला.

सीडी आली ती नव्वदच्या दशकात; रेकॉर्ड कंपनीने जुनी भीमगीतं एकत्र करून काढलेली, त्यात दादांची दोन्ही गाणी. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या कॅसेटवाल्या सिंधी साईंनी ती ताईच्या हातात ठेवली, म्हणाले, "दीदी, ये तो आपके पिताजी हैं ना?" पैसे घेतले नाहीत. माझ्याकडे नवा सीडी प्लेअर होता. मी लावली आणि खूश झालो. खरखर नाही, टकटक नाही, शब्द न् शब्द स्वच्छ. ताईने एक गाणं ऐकलं आणि म्हणाली, हे दादा नाहीत. मी तिला हसलो. तुला खरखरीची सवय झालीय, म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ती वाद घालत बसली नाही. मला बदलापूरला घेऊन गेली. रेकॉर्डवर कागदाचा कपटा ठेवला, घड्याळ लावून मिनिटाचे फेरे मोजले. बरोबर पंचेचाळीस, रेकॉर्डवर छापलेत तेवढेच. मग दादांची बाजाची पेटी काढली. रेकॉर्डवर दादा काळी एकच्या पट्टीत गात होते, पेटीशी तंतोतंत. सीडीवर तेच गाणं अर्धा सूर वर, पांढरी दोनवर गेलेलं. कंपनीने कुठल्यातरी जुन्या टेपवरून वेग न तपासता ते उतरवलं होतं. आवाज चढला, पातळ झाला, चाळिशीतला भरदार माणूस पोरगेला वाटू लागला. वर खरखर पुसताना कडव्याआधीचा त्यांचा श्वासही पुसला आणि ढोलकीची थापही बोथट झाली. सीडी या प्रकाराला तिने कधी नावं ठेवली नाहीत. सीडी उत्तम आहे, म्हणायची, पण जे घालाल तेच बाहेर येणार.

तिने कंपनीला पत्रं लिहिली, लॅबच्या रिपोर्टसारखी, आकड्यांसकट. उत्तर नाही. मग रजा टाकून त्यांच्या मुंबईच्या ऑफिसात गेली. रेकॉर्ड माझी आहे, घेऊन जा, पुन्हा उतरवा, असं तिने सांगितलं. साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही. लोकांना खरखर नको असते, म्हणाले, आणि ही असली गाणी इतकं कान देऊन कोण ऐकतं?

"खरखर काढा, साहेब," ताई म्हणाली, "माझे वडील नका काढू."

असली गाणी... हे मला तिने दोन वर्षांनी सांगितलं. ज्यांच्या गाण्यावर दुकान चालवायचं, त्यांचा सूर तपासायला यांना पाच मिनिटं नाहीत. ती सीडी आजही तशीच विकली जाते. हजारो घरांत माझे वडील चुकीच्या आवाजात गातात, आणि ज्या एका माणसाच्या कानांना हे कळलं तो माणूस आता नाही.

गेल्या रविवारी बायकोला घेऊन ताईची खोली आवरायला गेलो. मे महिना, पत्र्याखालची खोली, अंगाची लाही होत होती. आवरायचं राहू दिलं आणि रेकॉर्ड लावली. सुई टेकायच्या आत बायको उठली आणि तिने पंखा बंद केला. ताईच्या घरी दादा गाणार असले की पंखा बंद व्हायचा. हे कोणी कोणाला सांगावं लागत नसे. घाम पुसत आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. ऐकून झाल्यावरही पंखा लावायला कोणी उठलं नाही.